हरणाच्या शिकारीसाठी कोणता स्लग? आधी नळी बघा, मग डबा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, ग्रीन कार्ड झालंय, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन्स काढलंय, आणि एका शेतकऱ्याने त्याच्या जमिनीवर शिकारीची लेखी परवानगी दिली आहे. बंदूक सेकंडहँड मॉसबर्ग ५००, १२ गेज (आपल्याकडची बारा बोअर), २८ इंची बॅरल, टोकाला नेमासाठी फक्त एक मणी. दुकानात स्लगचे (छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेल्या काडतुसाचे) दहा-पंधरा प्रकार दिसले. ऑफिसातला मित्र म्हणतो सेबो घे, काउंटरवरचा माणूस म्हणाला तीन इंची मॅग्नम (जास्त जोराचं, लांब काडतूस) घे. पहिल्या हंगामासाठी नक्की काय घ्यावं?

सगळ्यांत चांगला स्लग कोणता, असं विचारलंत तर त्याला एक उत्तर नाही. तुमच्या बंदुकीतून कोणता स्लग पुन्हा पुन्हा एकाच जागी लागतो, आणि त्यावरून तुम्ही किती अंतरापर्यंत गोळी घालायची, याचं उत्तर मात्र काढता येतं. त्याची सुरुवात काडतुसापासून नाही, नळीपासून करायची.

त्याआधी दोन गोष्टी, कारण पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे राज्य. ओहायोत हरणासाठी १० गेज किंवा त्याहून लहान शॉटगन चालते आणि एका नळीत एकच गोळा किंवा एकच स्लग, म्हणजे मोठे छर्रे भरलेलं बकशॉट इथे चालत नाही. न्यू जर्सीत बकशॉटला परवानगी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हरणावर रायफल चालत नाही. इलिनॉयने २०२३ पासून काही सिंगल-शॉट रायफलींना मोकळीक दिली. नियम बदलत राहतात, म्हणून दर वर्षी आपल्या राज्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचा. मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट व्हिसाची. तुमचं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही, पण हे वाचणाऱ्यांत एच-१बी आणि एफ-१ वाले असणारच. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूकच काय, काडतुसाचा डबा बाळगणं हासुद्धा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत एक म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ते संपलं की अपवादही संपला. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा हे तपासा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर नुसता दंड भरून सुटका होत नाही, पुढचं सगळं इमिग्रेशन धोक्यात येतं.

आता नळी. तुमची २८ इंची बॅरल पक्ष्यांच्या शिकारीची आहे, आतून गुळगुळीत. स्लगसाठी केलेल्या काही बॅरलना आतून रायफलसारख्या पिळदार खाचा असतात. टॉर्च घेऊन (बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, बॅरल काढून) आत पाहिलंत तर लगेच कळेल. नळी गुळगुळीत की खाचांची, एवढ्यावर दुकानातल्या त्या पंधरा डब्यांपैकी निम्मे बाद होतात.

गुळगुळीत नळीसाठी मुख्यतः दोन घराणी. एक फॉस्टर. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हा स्लग आणला. मऊ शिशाचा, पुढून भरीव, मागून पोकळ. वजन सगळं नाकाकडे असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा नाक पुढे ठेवून उडतो, त्याला फिरण्याची गरज पडत नाही. त्याच्या अंगावर तिरक्या धारा दिसतात आणि डब्यावर ‘रायफल्ड स्लग’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हा रायफल्ड बॅरलसाठी आहे. तसं नाही. हा गुळगुळीत नळीचाच स्लग. त्या धारांनी स्लग फारसा फिरतही नाही. चोकमधून (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून) जाताना शिसं दबायला जागा मिळावी, हा त्यांचा खरा उपयोग. दुसरं घराणं ब्रेनेके. विल्हेल्म ब्रेनेके यांचं १८९८ चं जर्मन डिझाइन. शिसं कडक, आणि मागचा वॅड (दारू आणि स्लग यांच्यामधला बोळा) स्लगला जोडलेलाच राहतो, तो शेपटीचं काम करतो. फॉस्टर हरणाच्या अंगात फुलतो, ब्रेनेके फारसा न फुलता बहुतेक वेळा आरपार जातो.

सेबोचं तंत्र वेगळं. त्यात नळीपेक्षा बरीच बारीक गोळी प्लास्टिकच्या कवचात बसवलेली असते. खाचा त्या कवचाला पकडतात, गोळीला फिरकी देतात, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर कवच गळून पडतं. गोळीची स्थिरता सगळी त्या फिरकीवर. गुळगुळीत नळीत फिरकीच मिळत नाही, त्यामुळे गोळी हवेत कोलांट्या खायला लागते. हंगामाआधी मी रेंजवर नवीन लोकांच्या बंदुकांचा नेम लावून द्यायला मदत करतो, तिथे हे कागदावर स्पष्ट दिसतं. फॉस्टरचं भोक गोल, कडा स्वच्छ कापलेल्या. शेजारच्या टार्गेटवर गुळगुळीत नळीतून मारलेल्या सेबोचं भोक लांबट, कारण गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली असते. पहिली गोळी डावीकडे वर, दुसरी उजवीकडे खाली, तिसरी कधीकधी कागदावरच नाही. मित्राचा सल्ला त्याच्या बंदुकीला बरोबर असेल, कारण त्याची बॅरल बहुधा रायफल्ड असणार. तुमच्या बंदुकीत सेबो म्हणजे दुप्पट-तिप्पट पैसे मोजून बेभरवशाचा नेम विकत घेणं.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर: पावणेतीन इंची १२ गेजचे फॉस्टर स्लग, १ औंस वजनाचे, सेकंदाला साधारण १६०० फूट वेगाचे. रेमिंग्टनचा स्लगर, विंचेस्टरचा सुपर-एक्स, फेडरलचा ट्रूबॉल, शिवाय ब्रेनेकेचा एखादा डबा. यांतले तीन-चार प्रकार, प्रत्येकी एकेक डबा घ्या. ट्रूबॉलमध्ये स्लगच्या पोकळीत प्लास्टिकची गोळी बसवलेली असते, त्यामुळे मागचा वॅड स्लगला मधोमध ढकलतो. अनेक गुळगुळीत नळ्यांमधून मी त्याचे ग्रुप (म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते) चांगले पाहिलेत. पण अनेक म्हणजे सगळ्या नव्हेत. दोन बंदुका एकाच मॉडेलच्या, शेजारी शेजारी ठेवल्या तरी एकीला एक डबा मानवतो, दुसरीला दुसरा. हे कुठल्याही कंपनीच्या तक्त्यावरून कळत नाही. कागदावर मारूनच कळतं.

चोकही बघून घ्या. तुमच्या मॉसबर्गला बहुधा स्क्रूचे बदलते चोक असतील. स्लगसाठी इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हा थोडासाच अरुंद चोक लावा. फॉस्टर स्लग घट्ट चोकमधूनही जातो, तो तसाच बनवलेला असतो, पण फुल (अगदी अरुंद) चोकमधून दबून निघालेल्या मऊ शिशाकडून एकसारख्या नेमाची अपेक्षा करू नका. चोक शेवटपर्यंत घट्ट बसलाय ना, हे रेंजवर मध्ये मध्ये तपासा. स्लगच्या धक्क्यांनी तो सैल होतो.

तीन इंची मॅग्नमबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम शिसं, व्यास जवळजवळ पाऊण इंच. नळीच्या तोंडाशी त्याची ताकद सुमारे २५०० फूट-पाउंड. १०० यार्डांवर वेग सेकंदाला १००० फुटांच्या आसपास येतो, तरी ९०० च्या वर उरते. व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या, इथल्या नेहमीच्या) हरणाच्या फुप्फुसांतून पलीकडे जायला हे भरपूर झालं. मॅग्नमने हरणाच्या बाजूला फारसा फरक पडत नाही, तुमच्या खांद्याच्या बाजूला मात्र खूप पडतो. साध्या पावणेतीन इंची स्लगचाही धक्का ३०-०६ रायफलपेक्षा जास्त असतो. मॅग्नमचे पाच-सहा बार झाले की माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, खांदा मागे घेतो, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. तुमच्या बरोबर पत्नी किंवा मोठी मुलगी येणार असेल, अंगाने कोणी हलकं असेल, तर २० गेज किंवा १२ गेजचे कमी धक्क्याचे स्लग घ्या. कमी धक्क्याच्या स्लगचा वेग सेकंदाला १२००-१३०० फूट असतो आणि ५० यार्डांवर हरणाला तेवढं पुरतं.

आता मण्याचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत स्लगच्या ब्रँडपेक्षा हाच जास्त महत्त्वाचा आहे. एकटा मणी उडत्या पक्ष्यासाठी असतो. त्याला मागची साइट नाही, म्हणजे मागची साइट तुमचा डोळा. गाल दस्त्यावर घट्ट टेकला तर गोळी एका जागी, गाल अर्धा इंच उचलला गेला तर ५० यार्डांवर बरीच वर. झाडाखाली तासन्‌तास गारठून बसल्यावर, जाड जॅकेट घालून, हरीण दिसल्याच्या धडधडीत गाल दर वेळी त्याच जागी टेकेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मॉसबर्ग ५०० च्या रिसीव्हरला (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या भागाला) वर सहसा कारखान्यातूनच स्क्रूची भोकं असतात. तिथे छोटी पट्टी बसवून एक बऱ्यापैकी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसणारी साइट) लावा. धक्का सोसेल असाच घ्या, एअरगनवरचा स्वस्त डॉट स्लगच्या धक्क्याने लवकर बंद पडतो. महाग सेबोंवर जे पैसे जाणार होते ते इथे लावा.

मग रेंज. आधी २५ यार्डांवर एक गोळी, कागदावर लागतेय एवढं बघायला. मग ५० यार्डांवर प्रत्येक डब्यातल्या तीन-तीन, वेगवेगळ्या कागदांवर. टेकू घेऊन, शांतपणे, दोन बारांमध्ये नळी थंड होऊ देत. कानांना प्लगही लावा आणि वरून मफ्सही. मधल्या बिंदूवर किती लागल्या हे आत्ता बघायचं नाही, तीन भोकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते बघायचं. मधोमध आणायचं काम साइट फिरवून नंतर होतं. ५० यार्डांवर तीन-चार इंचांत बसवणारा डबा मिळाला की तो तुमचा. एका बैठकीत बारा-पंधरा स्लगच्या पुढे जाऊ नका. उरलेला सराव हलक्या छर्ऱ्यांच्या काडतुसांनी करा: बंदूक खांद्याला लावणं, सेफ्टी आवाज न करता सरकवणं, पंप पूर्ण मागे ओढणं.

डबा ठरला की त्याच लॉट नंबरचे आणखी दोन-तीन डबे त्याच आठवड्यात घ्या. लॉट बदलला की कधी कधी नेमही थोडा सरकतो, आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आदल्या आठवड्यात दुकानात हवा तो स्लग शिल्लक राहत नाही. पैशांचा अंदाज म्हणाल तर पाच फॉस्टरचा डबा साधारण सात-आठ डॉलरला पडतो, सेबोचा पंधरा ते पंचवीसला.

अंतराची मर्यादा आता तुमचा कागदच सांगेल. व्हाइटटेलच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंची वर्तुळाएवढी धरतात. ज्या अंतरावर, ज्या पवित्र्यात तुम्ही शिकारीच्या दिवशी बसणार आहात त्याच पवित्र्यात, तुमच्या सगळ्या गोळ्या आठ इंची कागदी ताटलीत पडतात, ते अंतर तुमचं. बहुतेक म्हणून चालणार नाही, सगळ्याच पडल्या पाहिजेत. नुसत्या मण्यावर बहुतेकांसाठी ते ४०-५० यार्ड निघतं, रेड डॉटवर ७५ च्या आसपास. तुम्ही लिहिलंय की शेताच्या कडेला ७०-८० यार्डांवर हरणं येतात. म्हणजे तुम्ही अगदी सीमारेषेवर आहात. माझं म्हणणं, बसायची जागा वीस यार्ड पुढे, हरणांच्या वाटेच्या जवळ न्या. जागा बदलायला काही खर्च नाही. आणि १०० यार्डांचा मोह टाळा. ५० यार्डांवर नेम लावलेला फॉस्टर १०० वर पाच-सहा इंच खाली जातो, शिवाय ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर अर्ध्या फुटाहून जास्त बाजूला सरकतो. हे दोन्ही एकत्र आले की गोळी पोटात लागते. पोटात गोळी लागलेलं हरीण खूप लांब जाऊ शकतं आणि तासन्‌तास तडफडतं. ते होऊ न देणं, यासाठीच ही सगळी खटपट.

पुढच्या वर्षी १०० यार्डांपलीकडे जायचंच असेल, तर मॉसबर्ग ५०० साठी २४ इंची रायफल्ड स्लग बॅरल वेगळी मिळते. बदलायला अवजार लागत नाही: बॅरलच्या कडीतला टेकडाउन स्क्रू हाताने सोडवायचा, जुनी नळी काढायची, नवी बसवायची. स्कोपचा माउंट बॅरलवरच असलेली घ्या. बदलती नळी रिसीव्हरमध्ये किंचित हलते, त्यामुळे रिसीव्हरवरच्या स्कोपचा नेम टिकेलच असं नाही. सेबोची खरी जागा ही. हॉर्नडी कंपनीचा ३०० ग्रेनचा (सुमारे १९ ग्रॅम) एसएसटी सेबो सेकंदाला २००० फुटांनी सुटतो, १५० यार्डांवर नेम लावला तर मधल्या अंतरात दोन-तीन इंचांच्या वर चढत नाही. मात्र तिथेही प्रत्येक नळीची आवड वेगळी. बहुतेक १२ गेज स्लग बॅरलमध्ये खाचांचा एक फेरा साधारण ३५ इंचांत पूर्ण होतो, सॅव्हेजच्या २० गेज मॉडेल २२० मध्ये तो २४ इंचांत, आणि त्याप्रमाणे डबाही बदलतो. रायफल्ड नळीत साधे फॉस्टर मारू नका. लागतात बरे, पण खाचांत शिसं साठत जातं, ग्रुप मोठा होतो, आणि मग तांब्याच्या ब्रशने घासत बसावं लागतं. एवढा खर्च करण्याआधी हेही लक्षात घ्या की ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली आहे. त्यांतल्याच .३५० लेजंड या काडतुसाची साधी रायफल, कमी धक्का, स्वस्त काडतुसं. बॅरल, स्कोप आणि सेबो यांची बेरीज केलीत तर कदाचित तीच जास्त परवडेल. यंदा मात्र आहे त्या बंदुकीवरच हंगाम करा.

स्लग जवळ पडतो म्हणून सुरक्षित, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. सपाट आणि दाट वस्तीच्या राज्यांनी शॉटगनची सक्ती केली ती याच विचाराने. पण पेनसिल्व्हेनियासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की जमिनीलगत मारलेला स्लग आपटून उडतो आणि उडाल्यावर रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो. गोठलेल्या, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात हे नेहमी मनात ठेवा. हरणामागे मातीचा चढ दिसत नसेल तर घोड्याला बोट लावायचं नाही. उंच स्टँडवर (मचाणावर) बसलात तर गोळी आपोआप जमिनीकडे जाते. नवीन शिकाऱ्याला मी स्टँड सुचवतो त्याचं निम्मं कारण हेच आहे, पण कमरेला नव्हे तर पूर्ण अंगाला पट्टे असलेला हार्नेस लावूनच चढायचं.

मांसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात लहान मुलं आहेत असं लिहिलंय म्हणून सांगतो. शिशाचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच इंचांपर्यंत पसरतात, आणि डोळ्यांना दिसत नाहीत. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने २००८ मध्ये मेंढ्यांच्या धडांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा वेगवान रायफल गोळ्यांच्या मानाने स्लगचे तुकडे बरेच कमी आढळले. कमी म्हणजे शून्य नव्हे. जखमेभोवतीचा भाग हात आखडता न घेता कापून टाका, आणि त्या बाजूचं मांस खिम्यात अजिबात घालू नका, कारण खिम्यात कण सगळीकडे मिसळतात. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या ताटात खांद्याचं नाही, मागच्या मांडीचं मांस द्या. रायफल्ड बॅरल घ्याल तेव्हा पूर्ण तांब्याचे सेबो मिळतात, तेव्हा हा प्रश्नच मिटतो. ओहायोत २०२० पासून जंगली हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोगही सापडला आहे, वायंडॉट, मॅरियन आणि हार्डिन या काउंट्यांच्या बाजूला जात असाल तर तपासणीचे नियम वेगळे आहेत.

भारतातल्या नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसेल. साहजिक आहे, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतून हरीण जवळजवळ नाहीसं झालं होतं, आणि मोजून-मापून, लायसन्सच्या पैशांतून ते परत आणलं गेलं. लांडगे आणि पहाडी सिंह उरले नाहीत, म्हणून संख्या आवरायचं काम हंगामाकडे आलं.

रेंजसाठी तुम्हाला जवळ पडेल ती कोलंबसच्या उत्तरेची डेलावेअर वाइल्डलाइफ एरियातली सरकारी रेंज. तिचा परमिट वेगळा काढावा लागतो, आणि तिथे स्लगबद्दल काय नियम आहेत ते आधी फोन करून विचारा. गन सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो आणि त्याआधीच्या शनिवार-रविवारी तिथे उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा ऑक्टोबरातलाच एखादा कामाचा दिवस सुटी घेऊन जा. नोव्हेंबरच्या थंडीत पुन्हा एकदा जाऊन तीन गोळ्या मारून बघा, कारण गारठ्यात काडतुसाचा वेग थोडा कमी होतो आणि तेव्हा अंगावर जाड जॅकेटही असतं. कागदांवर डब्याचं नाव आणि अंतर लिहून फोटो पाठवलेत, तर कोणता डबा ठेवायचा ते बघून सांगतो.